आईच्या नावावरचा आकडा

फोन आला तेव्हा आई माझ्यासमोरच उभी होती. हातात चहाचे रिकामे कप, पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाद्रींच्या बायकोने, सांगितलेलं काहीतरी आठवून अजून हसत. आणि फोनवरची बाई मला विचारत होती, "आई शुद्धीवर आहेत का?"

ती पुण्याच्या हॉस्पिटलमधली नर्स. आईची बायपास तिथे झाली. घरी सोडताना त्यांनी बीपी मोजायचा एक पट्टा दिला होता. दंडाला बांधून बटण दाबलं की तो फुगतो आणि आकडा आपोआप पुण्याला जातो. त्याच्यातच सिमकार्ड आहे. तिथे बसून कोणीतरी तो बघतं. माहितीपत्रक सगळं इंग्रजीत, म्हणून संपर्काला माझा नंबर. अनोळखी माणसांचे फोन मी शक्यतो उचलत नाही. हा उचलावाच लागतो.

"एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे सोळा," ती म्हणाली.

मी इंग्रजी शाळेतली, मराठी आकडे मला अजूनही लगेच कळत नाहीत. साठाच्या पुढे मी अडखळते. मनात त्याचं इंग्रजी केलं, तेव्हा कुठे तो किती वर गेलाय ते कळलं.

"चेहरा वाकडा झालाय का? बोलता येतंय? दोन्ही हात वर करायला सांगा."

"आई, हात वर कर."

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली, पण माझ्याकडे बघून तिने कप खाली ठेवले आणि हात वर केले. दोन्ही.

मी तिला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. एकशे सव्वीस.

"सॉरी, मशीन चुकलं वाटतं," मी फोनमध्ये म्हणाले. "आई अगदी ठीक आहे."

"थांबा. दुपारपासून यांच्या नावावर एवढी रीडिंग्ज कशी? एक शंभरच्या आत, एक दीडशेवर. हे एकाच माणसाचं आहे का?"

मी आईकडे बघितलं. ती कपांकडे बघायला लागली.

आम्ही देवळाली प्रवराच्या बाजूला राहतो. चारी बाजूंनी ऊस, मध्ये चर्च आणि आमची गल्ली. इथे शिडी, इडलीचं भांडं, शेवयांचं मशीन ही ज्याने विकत आणली त्याची राहत नाहीत. बायपासनंतर आईचं बाहेर पडणं बंद झालं, म्हणून बायकांची बुधवारची प्रार्थना आमच्या घरी भरायला लागली. प्रार्थना, मग चहा. आणि चहानंतर, हे मला त्या क्षणी कळलं, पट्टा.

"लावला तर काय झिजतो का तो?" आई हळूच म्हणाली. "बिचाऱ्यांना दवाखान्यात कोण नेतंय? आज मी चहा करत होते, तर त्यांनी चहाआधीच आपापला लावला. हसत होत्या. आकडा कुणी बघितलासुद्धा नसेल."

मी नर्सला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल आणि फोन ठेवेल. मी मनातून तेवढ्यासाठीच थांबले होते.

"तुमच्या आई बऱ्या आहेत म्हणून तो आकडा खोटा ठरत नाही," ती म्हणाली. "तो कुणाच्या तरी दंडावरून आलाय. त्या बाईला शोधा. आत्ता."

आईने पहिलं नाव घेतलं ते कोपऱ्यावरच्या मावशींचं. जाड अंग, ताटात रोज लोणचं. मी पट्टा घेऊन जवळजवळ पळतच गेले. आई मागून, छातीवर हात ठेवून, सावकाश. मावशी ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"मला काय हुतंय गं? तुझ्या आयनंच धसका घेतलाय, अन् तुला बी लावलाय." पट्टा फुगला, उतरला. एकशे चौतीस. "बघ! लोणचं खाऊन बी पास!"

पाळकीणबाईंचं दीडशे निघालं, पण त्यांना ते माहीत होतं. गोळी चालू आहे. तोवर गल्लीतल्या बाकीच्या बायका बाहेर आल्या होत्या. कोण कुठे बसलं होतं, पट्टा कुणाकडून कुणाकडे गेला, सगळ्या एकदम बोलत होत्या.

मी आठवत होते. दुपारी चहाचा ट्रे मीच फिरवला होता. माणसांनी भरलेल्या खोलीत मी चेहऱ्यांकडे बघत नाही, हातांकडे बघते. कपासाठी पुढे आलेल्या हातांपैकी एका हाताच्या बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता. बोट फुगलेलं, कातडी ताणून चमकणारी. आणि लग्नाची अंगठी तिच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांजवळ ओवलेली. मला वाटलं होतं, नवीन फॅशन असेल. छान दिसतंय, असंही वाटलं होतं.

"अंगठी," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले, "अंगठी गळ्यात कुणाच्या होती?" माझा तो आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

ती गल्लीच्या टोकाच्या घरातली मुलगी. माझ्याच वयाची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना लागलेला.

तिची आई दारातच भेटली. "झोपलीय ती. डोकं दुखतंय म्हनती सकाळधरनं. ऊन किती हाय."

"काकू, पाय सुजलेत का तिचे?"

"पहिलटकरनीचे सुजत्यातच की."

ती डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती. "खिडकी लाव ना," मला म्हणाली, "डोळ्यापुढं नुसतं चमकतंय." मी पट्टा बांधला. तो फुगत गेला तेव्हा मावशींसकट सगळ्या दारात उभ्या होत्या आणि कुणी हसत नव्हतं. एकशे ब्याऐंशी. तो पट्टा सोडायच्या आत माझ्या हातातला फोन वाजला.

"सापडल्या?" नर्सने विचारलं. "आईंच्या नावावर आत्ता एकशे ब्याऐंशी आलंय."

"ती गरोदर आहे," मी म्हणाले.

ती भराभर बोलायला लागली. "गाडी बघा. डाव्या कुशीवर झोपवून न्या. सिझेरियनची सोय असेल अशाच ठिकाणी. फिटचा झटका येऊ शकतो. घरी थांबू नका."

"सोमवारी दाखवायचंच हुतं," तिची आई परत परत म्हणत होती. "फाईल सासरी राहिली, म्हनून मागची खेप चुकली. सोमवारी नेनारच हुते."

शेजारच्या चाचांनी गाडी काढली. नगरचा रस्ता, पुढे उसाच्या ट्रॉल्या, चाचा हॉर्नवरून हात काढत नव्हते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी कुणाला सहसा शिवत नाही. तिने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. "हलतंय का गं? मला कळंना झालंय." मलाही काही कळत नव्हतं. राहुरी मागे पडली, कृषी विद्यापीठाचं गेट मागे पडलं. मग तळहाताला आतून अगदी हलका धक्का बसला. मी "हो" म्हणाले आणि तो हात नगर येईपर्यंत काढला नाही.

तिला आत नेलं तेव्हा अंगावरचे दागिने तिच्या आईच्या हातात दिले. काकू बाकावर बसल्या. मूठ घट्ट मिटलेली. मग मूठ उघडून मला अंगठी दाखवली.

"मीच ओवून दिली गं," त्या म्हणाल्या. "बोटात रुतत हुती, तर साबन लावून मीच काढली. रोज बघत हुते. रोज."

मी ती मूठ पुन्हा मिटवली आणि वरून धरून ठेवली.

दार उघडलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मुलगी झाली. एवढीशी, रडलीसुद्धा बारीक. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाळाच्या आईचं बीपी अजून पुरतं उतरलेलं नव्हतं, पण ती शुद्धीवर होती, झटका आला नव्हता. हे ऐकून काकूंनी ती अंगठी पदराच्या टोकाला बांधली.

पुण्याचा नंबर या वेळी मीच लावला.

"मुलगी झाली," मी म्हणाले. "मायलेकी दोघी आहेत."

"बरं," नर्स म्हणाली. तिने नाक ओढलं. मग नेहमीच्या आवाजात, "उद्या सकाळी आईंचं रीडिंग पाठवा. फक्त आईंचं."

मी हो म्हणाले. पट्टा कुठे राहिला, ते मला काही केल्या आठवत नव्हतं.