सासूबाईंचे देव आणि केतकीच्या लाटा

पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे देव्हारा रिकामा होता.

देव्हारा म्हणजे काय, तर शारजात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधली मायक्रोवेव्हच्या वरची फळी. सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्यापासून त्यांचा बाळकृष्ण तिथे बसतो. अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगता. त्या दिवशी आम्ही समुद्रावर फिरायला निघणार होतो. सकाळी चहा गरम करायला गेले, तर फळीवर नुसतं लाल वस्त्र!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, तुम्हाला आमच्या घरचा नियम माहीत नाही. सासूबाई दिवसभरासाठी कुठेही जाऊ देत, देव घरी राहतात. रात्रीचा मुक्काम हलणार असेल तरच बाळकृष्णाची डबी पिशवीत जाते. आता बोटीतून लाटा बघायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं, तर देव कशाला न्यायचे?

म्हणजे उघडच होतं. सासूबाई मुक्काम हलवणार होत्या. आणि कुणाकडे? केतकीकडे!

केतकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. जन्मली अबुधाबीत, वाढली अबुधाबीत, आता राहते दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला. माझे दीर तेलाच्या रिगवर असतात, महिना महिना घरी येत नाहीत. ती सर्फिंग करते. म्हणजे समुद्रात फळी घेऊन जाते आणि लाटेवर उभी राहते. उभी! मी बार्शीची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं, त्यामुळे बादलीपेक्षा जास्त पाणी एकत्र दिसलं की मला धडकी भरते. तशी मला धडकी कशानेही भरते. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो.

मी सासूबाईंना 'अहो आई' म्हणते. केतकी सरळ म्हणते, "ए आई, तू बस ना गं!" मी असं म्हटलं असतं तर बार्शीपर्यंत बातमी गेली असती. केतकीने म्हटलं की सासूबाई विरघळतात.

आणि तो व्हिडिओ! केतकी लाटेवर उभी असल्याचा व्हिडिओ सासूबाईंनी आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला दाखवला, भाजीवाल्याला दाखवला, लिफ्टमधल्या अनोळखी अरब बाईंनाही दाखवला. "हमारा छोटा बहू. पानी पे खडा रहता है." मग माझ्याकडे बोट. "ये बडा. इसका आमटी अच्छा होता है."

आता मला सांगा, एकीकडे लाट आणि एकीकडे आमटी. कोण जिंकणार?

पण खरी गोष्ट सांगू? मला सासूबाई हव्या होत्या. अमोल, माझा नवरा, पहाटे कामाला जातो तो रात्री येतो. दिवसभर घरात मी आणि एसी. सासूबाई आल्या आणि घर बोलायला लागलं. दुपारी आम्ही दोघी बाल्कनीत शेंगा सोलत बसायचो आणि खाली पार्किंगसाठी चाललेली भांडणं बघायचो. पांढऱ्या गाडीवाला जिंकणार की लाल? त्या नेहमी लाल म्हणायच्या. आणि ही बाई मला सोडून चालली होती? एका फळीसाठी?

आदल्या संध्याकाळचा फोन मला तेव्हा आठवला. सासूबाई बेडरूममध्ये हळू आवाजात बोलत होत्या. "हो गं केतकी, देव घेऊनच येते. मुक्ताला मात्र आत्ता काही बोलू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."

झालं! मुक्ता म्हणजे मीच. आणखी काय पुरावा हवा? पिशवीत मी हळूच डोकावले, तर आत जास्तीची साडी, पंचा आणि गोळ्यांचा डबा. माझा संसार उघड्यावर पडल्यासारखं मला वाटलं.

केतकी गाडी घेऊन आली. टपावर तिची ती फळी, पिवळा सर्फिंग बोर्ड, बांधलेली. "यल्ला वहिनी, चल चल! आज मस्त स्वेल आहे!" अरबी समुद्रात लांब कुठेतरी वादळ होऊन गेलं होतं आणि त्याच्या लाटा फुजैराच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत होत्या. अशा दिवशी तिकडे बोटीतून लोकांना लाटा आणि लाटांवरचे वीर दाखवायला नेतात. सोबत गाइडही असतो. केतकीने आमची तिकिटं काढली होती. "आईला लाइव्ह दाखवायचंय मला!"

लाइव्ह. बरं.

सबंध रस्ता सासूबाई पुढच्या सीटवर केतकीशी हसत होत्या. मी मागे, बोर्डाच्या रिकाम्या कव्हरला टेकून. डोंगर आले, बोगदे आले, माझं लक्ष फक्त त्या पिशवीवर.

धक्क्यावर आमची गाइड भेटली. ग्रेस नावाची, फिलिपिन्सची, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढीच, पण गळ्यातली शिट्टी अशी वाजवायची की मी प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात धरायची. "लाइफ जॅकेट! नो जॅकेट, नो बोट!" आमच्याबरोबर एक भलंमोठं पंजाबी कुटुंब होतं.

ग्रेस सासूबाईंना जॅकेट चढवायला घेऊन गेली. पिशवी धक्क्यावरच्या बाकावर राहिली. केतकी पाठमोरी बसून, पाय घसरू नये म्हणून बोर्डाला मेण घासत होती.

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. देव जिथे, तिथे सासूबाई! देव माझ्याकडे असले, तर सासूबाई जातील कुठे?

हो. घेतली मी डबी. असं तोंडावर हात ठेवून बघू नका. मनात म्हटलं, "बाळकृष्णा, माफ कर, तूही लोणी चोरायचास," आणि डबी अंगातल्या लाइफ जॅकेटच्या आत सरकवली. वर ग्रेसला हाक मारून म्हटलं, "प्लीज, मोअर टाइट." तिने पट्टे ओढले. "मोअर." तिने गुडघा लावून ओढले. आता देव हलणं शक्य नव्हतं. श्वास घेणंही शक्य नव्हतं, पण ते चालणार होतं.

बोट निघाली. लाटा जिथे फुटत होत्या त्याच्या बाजूला, खोल पाण्यात जाऊन थांबली. केतकीने बोर्ड टाकला, स्वतःला टाकलं, आणि हात मारत गेलीसुद्धा. माणसं पायऱ्या उतरतात तशी ही समुद्रात उतरते!

आता लाटांबद्दल मला वाईट बोलता येणार नाही. लांबवर पाण्याला आधी नुसती घडी पडल्यासारखी दिसते. तुम्ही म्हणता, हीच का ती? मग ती घडी उठते. उठतच राहते. हिरवीगार भिंत होते, तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो, आणि मग वरची कड पांढरी होऊन कोसळते. आवाज उशिरा येतो, थेट छातीत. मी प्रत्येक लाटेला "आई गं" म्हणत होते.

"फर्स्ट वेव्ह जाने दो," ग्रेस माइकवरून सांगत होती. "बिग वन पीछे आता है."

मागची आली. आणि तिच्यावर, भिंतीवर पाल सरकावी तशी तिरकी सरकत, पिवळ्या बोर्डावर आमची केतकी!

"उभी राहिली! बघितलंस मुक्ता? उभी राहिली!" सासूबाई टाळ्या वाजवत ओरडल्या.

"व्हाट अ गर्ल!" पंजाबी काका म्हणाले. "आपकी बेटी है आंटीजी?"

"बेटीच!" सासूबाई म्हणाल्या.

बेटीच! मला कुणी विचारलंसुद्धा नाही की तू कोण. मनातल्या मनात म्हटलं, पड गं बाई एकदा. फार नाही, थोडीशी पड. नाकात पाणी जाईल इतकीच. पण कसली पडतेय! लाट संपल्यावर ती बोर्डावर आरामात बसून हात हलवत होती, आणि अख्खी बोट तिला हात हलवत होती. मीही हलवला. काय करता?

तेवढ्यात एक मोठी लाट बोटीच्या खालून गेली. बोट वर गेली, खाली आली, आणि मी किंकाळी फोडून ग्रेसच्या गळ्यात पडले. शिट्टीसकट. सासूबाईंची पिशवी सीटवरून कलंडली आणि पंचा, गोळ्यांचा डबा, साडी सगळं कठड्यापर्यंत घरंगळत गेलं.

सासूबाईंनी एकेक वस्तू गोळा केली. पिशवी उलटी केली. झटकली. चेहरा पांढराफटक.

"देव!" त्या म्हणाल्या. "मुक्ता, देव गेले गं पाण्यात!"

माझं जॅकेट एकदम जड झालं.

"अहो आई, असं कसं... तुम्ही देव आणलेच कशाला इकडे?"

"तुझ्यासाठी!" त्या रडायलाच लागल्या. "तुला पाण्याची एवढी भीती. केतकी म्हणाली, आज लाटा मोठ्या आहेत, आधी सांगितलं तर वहिनी येणारच नाही. म्हटलं, बोट हलायला लागली की डबी हिच्या हातात देईन, म्हणजे हिला धीर येईल. पोर सारखी दचकते. आणि देवच गेले! आता घरी जाऊन त्या फळीकडे मी कुठल्या डोळ्यांनी बघू?"

घरी. फळीकडे. आमच्या फळीकडे!

त्या कुठेच जाणार नव्हत्या. जास्तीची साडी पाणी उडून भिजायला होईल म्हणून घेतली होती. आणि मी काय केलं होतं, तर जे देव मला द्यायला आणले होते, तेच चोरले होते. अशी चोरी जगात कुणी केली असेल का?

मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, बरोबर? मला कळतं हो. पण सासूबाई माझा हात धरून रडत होत्या, पंजाबी मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, ग्रेसने इंजिन बंद करायला लावलं होतं. एवढ्या लोकांसमोर कसं म्हणणार, थांबा, देव माझ्या पोटाशी आहेत?

तोवर बोट थांबलेली बघून केतकी जवळ आली. "काय झालं, आई?"

"अगं, बाळकृष्ण पडला पाण्यात!"

केतकीने आमच्याकडे बघितलं. एकदा सासूबाईंकडे. एकदा माझ्याकडे, जरा जास्त वेळ. मग म्हणाली, "ओके. डोंट वरी. मी बघते." आणि बोर्ड सोडून तिने सरळ बुडी मारली!

अहो, पितळेची डबी, ती काय तिची वाट बघत बसली असती पाण्यात? केतकी वर आली, मान हलवली, पुन्हा खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. इकडे मी जॅकेट सोडायला बघतेय तर पट्टे सुटेनात. गुडघा लावून ओढलेले ना! डबी घसरत घसरत कमरेपाशी गेली होती. मी वाकले तर टोचायची, सरळ उभी राहिले तर आणखी खाली सरकायची.

"मुक्ता, तुला मळमळतंय का गं?" सासूबाई रडता रडता विचारत होत्या. "लिंबू देऊ?"

असं कुणी विचारलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तेवढ्यात लांबवर ती घडी उठली. मोठीच होती. आणि केतकी पाण्याखाली! मघाशी मी म्हटलं होतं ना, पड थोडीशी? आता मी दोन्ही हातांनी पट्ट्यांवर तुटून पडले. ही मुलगी माझ्या चोरीपायी खाली शोधत बसलीये, हिला काही झालं तर? रिगवर बसलेल्या दिरांना मी काय सांगू? अमोलला काय सांगू? तिला हसत "यल्ला वहिनी" म्हणताना पुन्हा बघायचं होतं मला. त्या क्षणी ती माझ्याहून कितीही उंच उभी राहिली असती तरी चाललं असतं.

पट्टा कसा तुटला मला माहीत नाही. डबी हातात आली. सगळे समुद्राकडे बघत होते, तेवढ्यात मी ती सीटखाली सरकवली आणि लगेच बाहेर काढली.

"सापडले! सीटखाली होते! देव सीटखाली होते हो!"

सासूबाईंनी डबी उघडली, बाळकृष्ण आत रांगतोय. त्यांनी त्याला डोळ्यांना लावलं, मग मला जवळ घेतलं. "माझी गुणाची गं! तुझ्यामुळे सापडले!" पंजाबी कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. ग्रेसने आनंदाने शिट्टी फुंकली. मी दचकले.

पण केतकी?

मी धावत बोटीच्या टोकाला गेले. "केतकी!" उत्तर नाही. लाट खालून गेली, बोट वर उचलली गेली. "केतकी! वर ये गं! सापडले देव!" नुसतं पाणी. "ए केतकी!" माझा घसा फाटला. इंजिन बंद, बोटीवर सगळे श्वास रोखून गप्प. लाट पुढे निघून गेली आणि समुद्र असा शांत झाला की टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आणि त्या शांततेत, बोटीपासून चार हातांवर, एक डोकं वर आलं. केस मागे सारत, कानातलं पाणी झटकत, आणि कानात पाणी गेलेली माणसं जेवढ्या मोठ्याने बोलतात तेवढ्या मोठ्याने ते म्हणालं,

"ठेवलीस एकदाची परत? काय गं वहिनी, किती वेळ लावलास! मेण लावताना वळले होते, तेव्हाच जॅकेटमध्ये घालताना बघितलं होतं मी तुला. तुला चान्स मिळावा म्हणून कधीची डुबक्या मारतेय इथे!"