आतोबांचं घड्याळ आणि वॉर्डातल्या खाटा

आमच्या आतोबांना घाबरत नाही असा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात मला भेटलेला नाही. चाकणच्या एका कंपनीत बोल्ट आवळायला किती सेकंद लागतात हे मोजण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही स्टॉपवॉच गळ्यातच राहिलं. आत्या पोळ्या लाटायला लागली की हे ओट्याशी उभे. "कालच्यापेक्षा चार सेकंद जास्त," असं एकदा म्हणाले, तेव्हा आत्याने लाटणंच त्यांच्या हातात दिलं. ती पोळी किती वेळात झाली, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे एका हॉस्पिटलात संशोधन निघालं. सिस्टर जास्त वेळ देतात तो पेशंट लवकर बरा होतो का, हे बघायचं होतं आणि मिनिटं मोजायला माणूस हवा होता. आतोबा धावतच गेले. रोज चिठ्ठी काढायची, निघेल त्या खाटेशी स्टूल टाकून बसायचं आणि सिस्टर आली की बटण दाबायचं. पण त्यांच्या धाकाने बिचाऱ्या सिस्टर त्याच खाटेशी दहादा येऊन जायच्या. नातेवाइकांनी हे बरोबर हेरलं. मग आतोबांना चहा काय, वडापाव काय! "काका, आमच्या पेशंटपाशी बसा की जरा!" आतोबा भडकायचे. "अशानं माझं माप खोटं होतं!" शेवटी ते खांबाआड उभे राहून मोजायला लागले.

त्याच वॉर्डात माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. वॉर्ड भरलेला, सिस्टर दोनच. ताप वाढला आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही तर? मी आतोबांचे पाय धरले.

"चिठ्ठी दुसऱ्या खाटेची निघालीय," एवढं बोलून ते निघून गेले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा आले ते थेट आईच्या खाटेशी. गळ्यात घड्याळ होतं, पण कागद नाही, पेन नाही.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"आज रजा टाकलीय."

घड्याळ बघून सिस्टर धावत आली, मग डॉक्टर आले. दिवसभर ये-जा चालू राहिली. आतोबांनी एकदाही बटण दाबलं नाही. संध्याकाळी आईला घाम फुटून ताप उतरला.

आई सुखरूप घरी आली. आतोबांनी मात्र ते काम सोडलं. आत्याच्या पोळ्यांपाशी आता ते नुसतेच उभे असतात. मी एकदा कारण विचारलं.

"त्या दिवशी पलीकडच्या खाटेवरच्या आजी हाका मारत होत्या," ते म्हणाले. "सिस्टर वहिनींपाशी होती. मी मोजलं नाही. पण पुष्कळ वेळ मारत होत्या."

त्या आजींचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली.