खिडकीकडे पाठ करून

मोबाइलवर ‘पारस’ असं नाव दिसलं आणि फोन कानाला लावता लावता मी म्हणालो, “अरे येड्या, आज कुठं मॅच आहे?” मी जालन्याला मुलाकडे राहायला आल्यापासून पारसचा सकाळी फोन येई तो मॅचच्या दिवशीच. “तू बघून राह्यला ना? मंग झालं,” एवढं बोलून तो फोन ठेवत असे. त्या दिवशी पलीकडून त्याचा मुलगा नितेश बोलला, “दत्ताकाका, पप्पा गेले.” झोपेतच गेला होता. मी “बरं, बरं” म्हणालो. त्यात बरं काय होतं देव जाणे, पण अशा वेळी तोंडाला येईल ते माणूस बोलतो. आमच्या गावी, तीर्थपुरीला जाताना एसटीत मला एकच गोष्ट डाचत राहिली. क्रिकेटवर एवढा जीव टाकणाऱ्या या माणसाला, एक दिवस सोडला तर, देशाचा विजय कधी डोळ्यांनी बघायला मिळाला नाही. आणि तो अडाणी नव्हता, गरीब नव्हता. सगळ्या बाजारपेठेत पहिला टीव्ही त्याच्याच घरी आला होता.

पारसचं जैन घराणं मूळचं राजस्थानातलं, पण कापडाच्या धंद्यात इथं पिढ्या गेलेल्या. आम्ही शेतीवाले. शाळेत एका बाकावर बसलो आणि तिथून जे जुळलं ते जुळलंच. कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आम्ही खेळायचो. पारसला ना धड बॅटिंग यायची ना बॉलिंग, पण कुणी आउट झालं की नाही यावर त्याचा शब्द शेवटचा. त्र्याऐंशीला आपण विश्वचषक जिंकलो तेव्हा तो वडिलांच्या गादीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसलेला असायचा. इंग्रजी कॉमेंट्री सुरू झाली की धोतरजोडी घ्यायला आलेल्या माणसांना मराठीतून सांगायचा, “आता त्यो लंब्या पळत येऊन राह्यला... मारला! गेला!” गिऱ्हाईक धोतर विसरून तिथंच फतकल मारायचं. त्याचे वडील कपाळाला हात लावायचे.

सत्त्याऐंशीला विश्वचषक स्पर्धा आपल्याच देशात भरली. पारसने वडिलांच्या मागे भुणभुण लावून टीव्ही आणवला आणि दुकानालगतच्या खोलीत मांडला. पहिल्या सामन्याला तो सगळ्यांत पुढे, मांडी घालून बसला. आपण एका धावेने हरलो. पुढे दिवाळी आली, दुकानात गर्दी उसळली, तेव्हा पारस बिचारा गिऱ्हाइकांत. मधूनच दुकानापुढच्या ओट्यावर येऊन खिडकीतून “किती झाले रे?” विचारायचा. आणि आपण जिंकत सुटलो! उपांत्य सामन्याच्या दिवशी मात्र त्याने सरळ दुकानाला कुलूप घातलं, अंघोळ करून नवा सदरा घातला आणि पुन्हा पुढे येऊन बसला. त्या दिवशी जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपण हरलो, स्पर्धा आपल्यापुरती संपली. तेवढ्यात आमच्यातला रामभाऊ, टेलरकाम करणारा, सहज म्हणून गेला, “पारस, तू भाईर व्हतास तवर बराबर चालल्तं रे.” आम्ही हसलो. पारस हसला नाही. टीव्ही बंद करत म्हणाला, “खरंय. पुढच्या टायमाला म्या आत न्हाई येणार.”

आम्हाला वाटलं, चार दिवसांत विसरेल. कसला विसरतो! पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक सामन्याला तो ओट्यावर लोखंडी घडीची खुर्ची टाकून, खिडकीकडे पाठ करून बसला. आम्ही आतून ओरडायचो, “पारस, चौका!” आणि तो तेच रस्त्याला सांगायचा. मोटारसायकलवाले थांबून विचारायचे, भाजी-माळवं घेऊन निघालेल्या बायका विचारायच्या, एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून मान बाहेर काढायचा. पारस कुणालाही रिकामं पाठवायचा नाही. त्याची बायको, कांताभाभी, आम्हाला चहा देताना म्हणायच्या, “टीव्ही यांनी आणला अन् बघून राह्यलं सारं गाव. येड लागलंय, दुसरं काय!” आम्हीही कमी नव्हतो. शहाण्णवला उपांत्य सामना घालवला तेव्हा रामभाऊने शोध लावला की पारस मधे पाणी प्यायला आत आला होता. बिचाऱ्याने तेही कबूल केलं. मला मात्र कधी कधी फार वाईट वाटायचं. थट्टा आम्ही केली, ती त्याने जन्माला बांधून घेतली.

आणि मग तो दिवस उजाडला. अठ्ठ्याण्णवचा जानेवारी, रविवार, ढाक्याला अंतिम सामना, समोर पाकिस्तान. त्यांनी तीनशेच्या वर धावांचा डोंगर रचला. एवढ्या धावांचा पाठलाग करून तोवर कुणीही जिंकलं नव्हतं. रामभाऊने सदरा झटकला, “झालं कल्याण! चला, दत्ताच्या शेतात हुरडा खाऊ.” सगळे उठले. पारस दुकान सोडून येईना, त्याला तसंच ठेवून आम्ही निघालो. शेतात आगटी पेटवली, कणसं भाजली, चटण्या काढल्या, आणि क्रिकेटचं नावही कुणी काढलं नाही. उन्हं कलली तेव्हा बांधावरून लुनाचा आवाज आला. पारस! एक चप्पल पायात, दुसरी वाटेत कुठंतरी पडलेली. लांबूनच ओरडत होता, “दत्ता, जिंकलो! म्या बघितलं! सगळं बघितलं!”

“तू? आत बसून?”

“आत! टीव्हीच्या म्होरं! खोलीत कुत्रं न्हाई, म्हटलं आता कुणाचं वाटोळं व्हायचंय, बसलो जाऊन. अन् जिंकलो! म्हंजे पनवती म्या न्हाई रे... बिलकुल न्हाई! तुम्ही हैत, तुम्ही!”

रामभाऊने त्याला मिठीच मारली. मग पारसने ज्वारीचं कणीस बॅटसारखं धरून एकेक फटका मारून दाखवला. तिथं ढाक्याला अंधारून आलं होतं, चेंडू दिसत नव्हता, शेवटच्या षटकात कसा चौकार बसला... त्याच्यासमोर हुरड्याची परात ठेवली होती. पण दिवस मावळल्यावर तो काही खात नसे आणि सांगता सांगता दिवस बुडाला. हुरडा तसाच राहिला. इतक्या सुखात मी त्याला कधी पाहिलं नाही.

पुढच्या सामन्याला आम्ही त्याच्यासाठी सगळ्यांत पुढची जागा राखून ठेवली. हा पठ्ठ्या खुर्ची घेऊन पुन्हा ओट्यावर! मी चिडलो. म्हणालो, “अरे, आता तर सिद्ध झालं ना?” तो म्हणाला, “झालं की. पन त्या दिशी चौका बसला अन् म्या मागं वळून बघितलं, तर खोलीत कुणीच न्हाई. एकट्यानं बघून काय करू? हितं बसलो का तुमचं वरडणं ऐकू येतं. त्यातच मला मॅच दिसती रे.” मला ते पटलं नाही. मनाची समजूत घालतोय, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो.

परवा पुन्हा तीर्थपुरीला, पारसच्या घरी भेटायला गेलो होतो. कांताभाभींनी नेहमीसारखा चहा आणून दिला. नितेशने टीव्ही लावला, कुठल्याशा स्पर्धेतला आपला सामना होता. रामभाऊ आला, पोरं जमली. आपला फलंदाज त्रिफळाचीत झाला आणि मी आणि रामभाऊ एकदम खिडकीकडे तोंड करून ओरडलो, “पारस, गेला रे!” पोरं आमच्याकडे बघतच राहिली. रामभाऊने टोपी डोळ्यांवर ओढली. बाहेर रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली होती. तरणा गडी, आमच्या ओळखीचा नव्हता. रिकाम्या ओट्याकडे बघून त्याने सवयीने विचारलं, “शेठ, किती झाले?”

मी उठलो. भिंतीला टेकवलेली लोखंडी खुर्ची ओट्यावर उघडली, खिडकीकडे पाठ करून बसलो आणि त्याला स्कोअर सांगितला. तो गेला. आतून नितेशने हाक मारली, “काका, आत या ना, भाईर कशाला बसले?” म्हटलं, “राहू दे.” तेवढ्यात आत पोरांनी एकच गलका केला. कुणी न सांगताच मला कळलं, चेंडू गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ सीमेपार गेला होता.

पारस, खरंच दिसते रे मॅच.