मडक्यासमोरची जागा

नागपूरच्या मनीषनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वच्छलाबाई पीठ मळायला बसल्या की सूनबाई मोबाइलवर गाणी लावते. वच्छलाबाईंना ती ऐकू येत नाहीत. त्यांच्या कानात खापा गावातल्या सासरच्या अंगणातल्या चुली धडधडत असतात.

खाप्याच्या त्या घरात त्या धाकटी सून म्हणून आल्या, तेव्हा थोरली जाऊ मनकर्णा लांब पोळ्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेली होती. उलट्या मडक्यावरची पोळी. सैल, लोंबणारं पीठ ती दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायची आणि एका झटक्यात तापल्या मडक्यावर टाकायची. उन्हात धरली तर पलीकडचं माणूस दिसेल इतकी पातळ! लग्न उमरेडला असो की नागपुरात, बोलावणं मनकर्णालाच यायचं.

पहिल्याच महिन्यात वच्छलेची पोळी मडक्यावर पडायच्या आधी मधोमध फाटली. सासू एवढंच म्हणाली, "मनकर्णाचे हात पाह्य जरा. कसे चालतात!"

वच्छलेनं पाहिले. मग पाहतच राहिली. स्वतःची पोळी टाकली की नजर आपोआप शेजारच्या मडक्याकडे जायची. तिची लांब, आपली आखूड. तिची चंद्रासारखी, आपली ठिगळासारखी. हळूहळू ती मडक्यासमोर बसेनाशीच झाली. "माहं कोपर दुखते" म्हणायची आणि परात ओढून घ्यायची. तास तास पीठ आपटायची, पाण्याचा हात लावून तिंबायची, तार सुटेपर्यंत. लग्नात बायका मनकर्णाभोवती जमायच्या. ही मांडवामागे पिठात. कोणी नाव विचारलं तर सांगायची, "मी मनकर्णाबाईची जाऊ." स्वतःचं नाव सांगायची सवयच मोडली होती.

अशी चौदा वर्षं गेली. एकदा उमरेडच्या लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा वच्छलेला ते मागे बसणं नको झालं. कोपराचं निमित्त सांगून ती घरीच राहिली. मनकर्णा एकटी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णा एसटीनं परतली. पिशवी न ठेवताच उंबऱ्यावर बसली.

"काल माह्या आठ पोळ्या फाटल्या वं, वच्छे. सगळ्या लोकांसमोर."

वच्छलेला आधी आनंदच झाला. लगेच तिची तिलाच लाज वाटली. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"काहून फाटल्या, बाई?"

"पीठ तुहं नव्हतं." मनकर्णानं पाणी पिऊन तोंड पुसलं. "माह्या हातानं मळलेलं पीठ कधी एवढं लवलंच नाही. पहिले सासूबाई मळत होत्या, मंग तू. मले हे पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मंग कधी बोलली काहून नाही?"

मनकर्णानं तांब्या खाली ठेवला. "तू मडक्यासमोर बसली असती तं पीठ कोणी मळलं असतं? आन् लोकं मले काय म्हणले असते?"

वच्छला उठून आत गेली. चार दिवस जावेशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मनकर्णानंच अंगणात दोन चुली पेटवल्या, दोन मडकी पालथी घातली आणि हाक मारली, "ये वं. कोपराचं नाटक बस झालं."

वच्छलेची पोळी त्यानंतरही मनकर्णाइतकी पातळ कधी झाली नाही. पण ती फाटायची थांबली. दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या, पीठ आळीपाळीनं मळू लागल्या. मनकर्णाच्या पिठात गुठळी राहिली की वच्छला हसायची, वच्छलेची पोळी जाड झाली की मनकर्णा. आता ते हसणं टोचत नव्हतं.

मनकर्णा जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या थंडीत सोसायटीच्या बायकांनी हट्ट धरला म्हणून वच्छलाबाईंनी गच्चीवर मडकं मांडलं. शंभरेक माणसं जेवली. वैभवी नावाची शेजारीण फोटो काढत म्हणाली, "काकू, अख्ख्या नागपुरात तुमच्यासारखी पोळी कोणी करत नसेल!"

एके काळी या एका वाक्यासाठी त्यांनी काय दिलं नसतं! वच्छलाबाईंनी कोपरापर्यंत पसरलेली पोळी मडक्यावर टाकली आणि म्हणाल्या, "माही थोडी जाडच होते पोरी. पातळ पोळी मनकर्णाबाई करत होती. खाप्याची, माही जाऊ." मग चुलीत लाकूड सारत हळूच जोडलं, "पीठ मात्र माहं राहायचं."