माझा श्वास मोजा

"हे पाणी टाकून द्या," सिस्टर म्हणाल्या. "आणि बाटली राखेनं घासायची. तिनंच."

तिनंच म्हणजे मी. नुकतीच नळीत फुंकून सरळ उभी राहत होते. छाती अजून धपापत होती.

जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आम्ही मुली नर्सची तालीम घेत होतो. निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. दवाखान्याच्या पाटीवर उर्दूच्या जागी मराठी आली होती. शरीर कसं चालतं ते डॉक्टर शिकवायचे, आणि त्या दिवशी श्वासाचा धडा होता. त्यांनी टबात पाणी घेतलं, पाण्यानं भरलेली मोठी बाटली त्यात उपडी उभी केली आणि तिच्या तोंडात रबरी नळी सारली. नळीतून फुंकलं की हवा बाटलीत चढते आणि तेवढं पाणी खाली उतरतं. जेवढं पाणी उतरलं, तेवढा तुमचा श्वास. बाटलीवर रेघा मारलेली कागदाची पट्टी होती. डॉक्टर आकडा वाचायचे आणि नावापुढं लिहायचे. एखाद्या प्रयोगाचा आकडा राहिला तर परीक्षेला बसता येत नव्हतं. एकीचं झालं की त्याच टबात बाटली बुडवून पुन्हा भरायची, मग दुसरीनं फुंकायचं.

नळीला लावायची काचेची तोटी प्रत्येकीला वेगळी होती, उकळून ठेवलेली. एकीचं तोंड दुसरीला लागत नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं.

माझ्यानंतरची मुलगी तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरची. ती मागं सरकली आणि म्हणाली, "त्या पाण्यातनं तिचा श्वास गेलाय. मी न्हाय फुंकायची."

पाणी बाटतं हे मला नवीन नव्हतं. सास्तूरला, माझ्या गावी, आमच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून लांब बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. पण तिथं हात लागेल, सावली पडेल, असं काहीतरी निमित्त तरी असायचं. इथं नुसता श्वास. तो तर मी जन्मल्यापासून घेत होते, कुणाला न विचारता.

मी डॉक्टरांकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. वाटलं, हे आता बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बदला पाणी. धडा पुढं न्यायचाय."

माझा आकडा त्यांनी वाचलाही नाही. सिस्टरचा आला नाही एवढा राग मला त्यांचा आला. आजही येतो.

घरातून निघताना आई म्हणाली होती, "त्वांड मिटून ऱ्हा, बाय. कोन काय बी म्हनू दे. तालीम पुरी कर." आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. इथून नाव कमी झालं असतं तर दुसरा हातोडा माझ्यासाठी तयारच होता. म्हणून मी तोंड मिटलं होतं. माझा पेला वेगळा ठेवला, मिटलं. जेवताना पंगतीपासून लांब बसवलं, मिटलं. वर्गात मला दाराशी बसवलं होतं, तिथं वारं लागतं म्हणे, तब्येतीला चांगलं. तेही ऐकून घेतलं.

राखेचा डबा कुणीतरी माझ्यापुढं सरकवला. तेवढ्यात दारातून वाऱ्याची झुळूक आली आणि भिंतीवरचा छातीचा नकाशा फडफडला. वारं नेहमी दारातून आत यायचं. आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं. इतके दिवस मी सोडलेली हवा हा अख्खा वर्ग आत घेत होता. सिस्टर घेत होत्या. तुळजापूरची घेत होती. मला हसू आलं. आणि मग नाही आवरलं.

मी म्हणाले, "टबातलं पानी बदलाल. खोलीतली हवा कशी बदलनार? मी सोडते त्येच तुमी घेताव."

सिस्टरचा चेहरा लाल झाला. उद्या सकाळपर्यंत माफी माग, त्या म्हणाल्या, नाहीतर पेटी घेऊनच ये, मोटारीत बसवून देते. बाटलीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ती घासायची मीच, असंही बजावलं. मी डब्याला हात लावला नाही. धडा त्या दिवशी तिथंच राहिला.

सकाळी मी पेटी घेऊन वर्गात गेले. बाटली टबात तशीच उपडी उभी होती. पाणी काल जिथवर उतरलं होतं, तिथंच होतं. वर माझा श्वास कोंडलेला. दाराशी बसायचं सोडून मी पेटी टबाशेजारी टेकवली आणि तिच्यावर बसले. आईचा चेहरा डोळ्यापुढून हलत नव्हता.

डॉक्टर आले. मी उठून उभी राहिले.

"ह्यो माझा श्वास हाय, डॉक्टर. कालपासनं हितंच हाय. आकडा लिवा. मग काडायचं तर काडा."

सिस्टर काहीतरी बोलल्या. डॉक्टर बाटलीपाशी वाकले, रेघ वाचली, माझ्या नावापुढं आकडा लिहिला. माझ्याकडं बघितलं नाही.

मला काढलं नाही. पण माफी कुणी मागितली नाही. डॉक्टरांनी गड्याला बोलावलं आणि पाणी माझ्यादेखत बदललं गेलं. बाटली गड्यानंच राखेनं घासली. तुळजापूरचीनं नव्या पाण्यात फुंकलं आणि डॉक्टरांनी तिचाही आकडा लिहिला. तेव्हा मी जिंकले वगैरे कुणी म्हणू नये. वर्गात मी दाराशी परत बसले नाही, एवढंच झालं.

डॉक्टरांनीच शिकवलं होतं, श्वास माणसाला फार वेळ धरता येत नाही, शरीर धरू देत नाही. ते मी पाठ करून ठेवलंय. मी आता कुणाच्या मागं उभी राहणार नाही, कुणाची बाटली घासणार नाही. तोंड मिटणार नाही. ज्याला माझा श्वास चालत नाही, त्यानं आपला धरावा.