दोघींपैकी एक

चर्चचा सगळा धर्मग्राम तिला पत्रकताई म्हणायचा. रविवारच्या उपासनेची मिस्सा सुटली की चर्चच्या दारात जे चारपानी पत्रक हातात पडायचं, ते तीच काढायची. कोणाच्या बाळाचा बाप्तिस्मा, कोणाच्या लग्नाची घोषणा, कोणाच्या नावाने कधी मिस्सा, आणि शेवटच्या पानावर त्या आठवड्यात देवाघरी गेलेली माणसं. लोक पत्रक शेवटच्या पानापासूनच वाचायला घेतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी कोण गेलं ते बघायचं, मग कोणाचं ठरलं ते, आणि वेळ उरलाच तर फादरांचं चिंतन. एकदा गायकवृंदाच्या सरावाची सूचना चुकून मृतांच्या रकान्यात गेली. तेव्हापासून ती मंडळी तिला रस्त्यात भेटली की हात वर करून सांगायची, "आम्ही आहोत हं अजून!"

लग्न तिने केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकटी बहीण सिस्टर व्हायला निघून गेली, आणि आईजवळ कोणीतरी राहायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे ताईच, हे घरात कधी कोणी बोललं नाही आणि कधी कोणी विचारलंही नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मायलेकी राहत. खाली दिवसभर हवा भरायच्या पंपाची फसफस आणि वर आईचा रेडिओ.

धाकटीला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसली तर शपथ! अशी मुलगी मठात कशी टिकणार, म्हणून सगळ्यांनी पैजा लावल्या होत्या. पण ती टिकली. दूरच्या एका देशात, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या आश्रमात तिची नेमणूक झाली. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. तिच्या पायांना तिथे भरपूर काम मिळालं.

आणि मग त्या देशात युद्ध पेटलं.

सुरुवातीला युद्ध म्हणजे रेडिओवरची बातमी होती. मग फादरांनी शुक्रवारचा उपास सांगितला, वेदीवर मांडलेल्या पवित्र भाकरीसमोर, साक्रामेंतासमोर, एक तास प्रार्थना ठेवली, आणि ब्लँकेटं गोळा करायला शाळेचा हॉल उघडून दिला. लोकांनी भरभरून दिलं. पण भांडणंही लागली. निवृत्त हेडमास्तर धर्मग्रामाच्या समितीचे प्रमुख होते, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचं म्हणणं, मिस्सेत नुसतं 'शांती नांदो' काय म्हणायचं? ज्यांची बाजू खरी आहे त्यांच्या विजयासाठी मागा. फादर म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या बाजूच्या चर्चमध्येही याच वेळी कोणीतरी विजयच मागत असेल. देवाने कोणाचं ऐकायचं?" त्यावर हेडमास्तरांनी तोंड फिरवलं ते महिनाभर फिरलेलंच होतं.

ताई या वादात पडली नाही. तिचा जीव एका फोनला टांगलेला होता. मठाच्या वरिष्ठांनी सिस्टरांना परत यायची मोकळीक दिली होती. बऱ्याच जणी निघाल्या. आश्रमात मागे राहिल्या दोघी. एक भिंगरी आणि दुसरी तिथल्या प्रमुख, वयाने मोठ्या. भिंगरी त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणायची. दोघीही त्या देशात परक्या. दर रविवारी दुपारी भिंगरीचा फोन यायचा. आवाज तुटक, पण पहिला शब्द ठरलेला. "आहे!"

मग एका रविवारी फोन आला नाही. आई म्हणाली, "लाइन गेली असेल." ताई म्हणाली, "हो, लाइनच गेली असेल." संध्याकाळी दोघींच्याही घशाखाली घास उतरला नाही, आणि दोघींनीही भूक नसल्याचं कारण पंख्यावर ढकललं. म्हणे तो नीट फिरत नाही, उकाडा फार आहे.

बुधवारी सकाळी ताई कार्यालयात मजकूर जुळवत बसली होती. फादर आत आले. एरवी ते दारातूनच "काय ताई, कोण कोण जन्मलं?" असं विचारत यायचे. आज मुकाट्याने आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"आश्रमावर बॉम्ब पडलाय," ते म्हणाले. "पहाटे. वरचा मजला गेला."

"भिंगरी?"

"एक सिस्टर गेल्या आहेत. नाव नाही कळलेलं. बातमीत इतकंच आहे, एक परदेशी सिस्टर."

"परदेशी तर दोघीही आहेत."

"हो," फादर म्हणाले. "म्हणूनच मी स्वतः आलो."

ताई उठली. तिला रडू आलं नाही, आईचा चेहरा आठवला. बातमीच्या आधी घरी पोचायला हवं. ती चप्पल घालून निघाली ती जवळजवळ पळतच. पण बातमीचे पाय तिच्यापेक्षा लांब होते. औषधाच्या दुकानापाशी एका बाईने तिला मिठीच मारली आणि हुंदका दिला. ताईने विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?" बाईने फोन पुढे केला. त्यात भिंगरीचा व्रत घेतलेल्या दिवसाचा हसरा फोटो होता, बाजूला जळती मेणबत्ती, वर काळी फीत, आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या धर्मग्रामाची कन्या, शांतीसाठी हुतात्मा.' पाठवणारे हेडमास्तर.

ताईने फोन परत दिला. जिन्यावर शेजारीण डोक्यावर पदर घेऊन वर चढतच होती. ताईने तिला मधल्या पायरीवर गाठलं आणि वाट अडवून उभी राहिली.

"आई झोपलीय."

"अगं, रेडिओ चालू आहे की."

"रेडिओ लावूनच झोपते ती," ताई म्हणाली आणि शेजारणीला अक्षरशः मागे वळवून मग वर गेली.

आई वाटाणे सोलत होती. ताईला अवेळी दारात बघून तिचे हात थांबले. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. काय सांगायचं हे येताना शंभरदा ठरवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडाशी येईना.

"आई, तिथे बॉम्ब पडला. दोघींपैकी एक गेली. कोण ते कळलेलं नाही. लोक आपलीच म्हणतायत, पण कळलेलं नाही कोणालाच."

आईने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जपमाळ आण."

दोघी गुडघ्यांवर टेकल्या. दहा मण्यांचं पहिलं दशक झालं, दुसरं सुरू झालं आणि आई मध्येच थांबली. मणी बोटांत तसाच धरलेला.

"मी काय मागतेय गं?" ती म्हणाली. "माझी वाचू दे म्हणजे दुसरी मेलेली असू दे. तिलाही आई असेल. असं मागायला माझी जीभ रेटत नाही."

"मग काय मागायचं?"

"मला नाही माहीत. तू म्हण पुढे. नुसतं म्हण."

ताई पुढे म्हणत राहिली. ओठांवर नमो मरिया होती, पण आत तिने काय मागितलं ते तिचं तिला ठाऊक होतं. दुसरी असू दे. देवा, दुसरीच असू दे. तिने स्वतःला अडवून पाहिलं, पण मन काही ऐकेना.

दुसऱ्या दिवशी पत्रक छापायचं होतं. फोन लागत नव्हता. मठाच्या मुख्यालयालाही काही कळत नव्हतं. दुपारी हेडमास्तर पांढराशुभ्र सदरा घालून कार्यालयात आले. फादर तिथेच बसले होते. हेडमास्तरांनी मजकूर तयारच आणला होता. पहिल्या पानावर मोठा फोटो, जीवनपट, आणि शनिवारी शांतीमिस्सा. बिशपांनाही बोलवायचं.

"हे मी छापणार नाही," ताई म्हणाली.

"ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. तुम्ही भावनेच्या भरात आहात..."

"मी? मास्तर, माझी बहीण मेल्याची घाई तुम्हाला झालीय. कालपासून लोक माझ्या गळ्यात पडून रडतायत. माझ्या आईला मी घरात कोंडून ठेवलंय, कुणी दारात येऊन गळा काढू नये म्हणून. आणि तुम्ही बिशपांची तारीख ठरवताय!"

"ही अभिमानाची गोष्ट आहे," हेडमास्तरांचा आवाज चढला. "धर्मग्रामाच्या इतिहासात..."

"इतिहासात तिला मेल्यावर जाऊ दे. अजून मला फोन आलेला नाही."

हेडमास्तरांनी फादरांकडे पाहिलं. फादर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. त्यांना हेडमास्तरांशी पुन्हा वाकडं घ्यायचं नव्हतं, हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "जे माहीत आहे तेवढंच छापा, ताई."

ताईने छापलं. आश्रमावर हल्ला झाला, एक सिस्टर मरण पावल्या, नाव कळलेलं नाही, दोघींसाठीही प्रार्थना करा. इतक्या वर्षांत तिने इतका छोटा मजकूर इतक्या वेळा कधी तपासला नव्हता.

शुक्रवारी प्रार्थनेच्या तासाला चर्च तुडुंब भरलं. आईने हट्टच धरला म्हणून ताईने तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं. पाठीवर शेकडो डोळे टोचत होते. वेदीवर साक्रामेंत मांडलेलं, गुडघे टेकलेली माणसं, आणि कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज. सगळ्यांच्या लेखी हे दुखवट्याचं चर्च होतं, फक्त पहिल्या बाकावरच्या दोघींनी ते मान्य केलं नव्हतं.

पिशवीत फोन थरथरला. नंबर लांबलचक, अनोळखी. ताई बाकांना धक्के देत बाजूच्या दाराने बाहेर पडली.

"हॅलो? हॅलो?"

नुसती खरखर. मग फार लांबून आवाज आला. "ताई... आहे."

ताई तिथेच पायरीवर बसली. "पुन्हा बोल."

"आहे गं, ताई. मी आहे. मोठ्या सिस्टर गेल्या." आणि भिंगरी रडायला लागली. लहानपणीसुद्धा पडली, खरचटलं तरी न रडणारी. "माणसांना आम्ही तळघरात उतरवत होतो. वर एक आजोबा राहिले होते. मी निघाले होते, ताई. त्या म्हणाल्या, तू खाली थांब, तुझा हात या माणसांना सवयीचा आहे. आणि त्या वर गेल्या."

"तू परत ये. आत्ता निघ. आईसाठी ये."

"या माणसांना कोणाच्या हवाली करू?" मग घाईने, "ताई, मोठ्या सिस्टरांना एक म्हातारे भाऊ आहेत, दुसरं कोणी नाही. नंबर देते, घे. माझ्याकडून तिकडे लागत नाहीये. आणि सिस्टरांसाठी मिस्सा सांग." नंबर सांगून झाला आणि लाइन तुटली.

ताई आत गेली. आधी आईच्या कानाशी वाकली. आईने डोळे मिटले आणि ताईचा हात इतका घट्ट दाबला की बोटं कळवळली. मग ताई फादरांकडे गेली. फादर उठून लोकांकडे वळून म्हणाले, "आपली सिस्टर जिवंत आहे!"

चर्चमध्ये एकदम कल्लोळ झाला. टाळ्या वाजल्या, कोणीतरी गाणं सुरू केलं, मागून माणसं ताईच्या पाठीवर थोपटायला लागली. घंटा वाजवायला कोणीतरी पळालंसुद्धा. ताई हसत होती, रडत होती, तिला काहीच सुधरत नव्हतं.

तेवढ्यात आई उठली. बाकाचा आधार घेत ती लोकांकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगा आधी गप्प झाल्या, मग मागच्या.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "दुसरी बाई गेलीय."

घंटेचा एक टोल पडला आणि कोणीतरी दोर धरला असावा, पुढचा पडलाच नाही. फादर पुन्हा गुडघ्यांवर टेकले. सगळे टेकले. हेडमास्तर खांबापाशी उभे होते. तेही टेकले, पण सगळ्यांच्या नंतर.

शनिवारची मिस्सा झाली, मोठ्या सिस्टरांच्या नावाने. बिशप आले नाहीत, त्यांना बोलावलंच नव्हतं. हेडमास्तरांनी आपला संदेश मागे घेतला, पण तोवर तो कुठल्याकुठे पोचला होता. कितीतरी आठवडे लांबलांबच्या चर्चमधून ताईला सांत्वनाचे फोन येत राहिले, आणि तिला दरवेळी सांगावं लागायचं, "नाही हो, जिवंत आहे ती." काही जण तर हे ऐकून ओशाळायचे, जणू ताईनेच त्यांना फसवलं.

त्या शनिवारी मिस्सेहून परतताना जिन्यावर आई दम खायला थांबली. ताई खाली बघत म्हणाली, "आई, मी मागितलं होतं. दुसरी असू दे म्हणून."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. आणि दोन पायऱ्या चढल्यावर, "मीही मागितलं. जीभ रेटली नाही, पण मागितलं."

वर गेल्यावर आई खुर्चीत बसली, पण चपला काढल्या नाहीत. म्हणाली, "त्या भावाला फोन लाव."

"अगं, त्यांची भाषा आपल्याला येत नाही. त्यांना ऐकूही कमी येत असेल."

"लाव तू."

फोन लागला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा सावध आवाज आला. ताईने मठाचं नाव सांगितलं, भिंगरीचं नाव सांगितलं, मोडक्या इंग्रजीत काही बोलून पाहिलं. पलीकडे गोंधळ उडाला होता. तेव्हा आईने फोन ओढून घेतला आणि आपल्या भाषेत, घरच्या माणसाशी बोलावं तशी, मोठ्याने बोलायला लागली. "दादा, तुमच्या बहिणीने माझ्या मुलीला खाली थांबवलं. ऐकताय ना? माझी मुलगी तिच्यामुळे आहे." पलीकडच्या माणसाने मोठ्या सिस्टरांचं नाव घेतलं, प्रश्न विचारल्यासारखं. आईने तेच नाव परत उच्चारलं. त्याने पुन्हा घेतलं. मग तो त्याच्या भाषेत बोलत राहिला, खूप वेळ, मध्येमध्ये थांबत, आणि आई फोन कानाशी घट्ट धरून "हो, दादा," "हो," म्हणत राहिली. त्यातला एक शब्दही तिला कळत नव्हता. त्याचं बोलून होईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.