जिया

भाषासंस्थेच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या संगणकावर मी चिनी गिरवतो. त्यात कुणालाही फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. रोमन अक्षरांत उच्चार टाईप केला, की त्या उच्चाराची सगळी चिनी अक्षरं खाली रांगेत येतात. आपण जे सारखं निवडतो, ते हळूहळू पुढे सरकतं.

काल ‘जिया’ टाईप केलं. मला ‘घर’ हवं होतं. पहिलं आलं ‘सुट्टी’. दर वेळी तेच. मी वैतागलो.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, “आधीच्या चिनी शिक्षिका इथंच बसायच्या. आईला लिहायच्या, या वेळीही सुट्टी नाही म्हणून.”

“आता कुठे असतात?”

“गेल्या परत. आई गेल्यावर.”

मी त्यांना कधी पाहिलं नाही. माझा फोनही ‘मी’ लिहिलं की लगेच ‘बरा आहे’ पुढे करतो. विचारणारं हल्ली कुणी नाही, पण त्याला सवय लागली आहे.

धडा घरावरच होता. मी ‘घर’ निवडत गेलो. निघताना पुन्हा ‘जिया’ टाईप करून पाहिलं. पहिलं ‘घर’ आलं. त्या बाईंचं या इमारतीत एवढंच उरलं होतं, आणि ते मी दुपारभर बसून पुसलं होतं.